दोन नग कमी

दिवस पहिला : मुंबई सेंट्रल

गयेला जाते म्हटल्यावर आईनं हातातलं काम थांबवलं. आपल्याकडे गया म्हटलं की पिंडदानच आठवतं. मी तिला म्हटलं, "अगं, लहान मुलांच्या कामासाठी चाललेय." ती काही बोलली नाही, डब्यात चार दशम्या जास्त भरल्या.

गयेकडून जयपूरला बांगड्यांच्या कामाला नेलेल्या मुलांवर आम्ही माहितीपट करतोय. आधी जयपूर, मग गया. बॅगेत कॅमेरा, दोन लेन्स, रेकॉर्डर आणि जयपूरच्या बाल कल्याण समितीचं परवानगीपत्र. ते पत्र मी सुरत येईपर्यंत तीनदा वाचलं. मुलाचा चेहरा नको, नाव नको, गाव नको, शाळा नको. समुपदेशक शेजारी बसतील आणि मूल थांब म्हणालं की थांबायचं. यात समितीनं स्वतःहून घातलेलं फारसं काही नाही. ओळख लपवण्याबद्दल बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ मध्ये हेच आहे. ओळख पटेल असं काहीही छापलं किंवा दाखवलं, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा मला आधीपासून माहीत होता. पण माहितीपट हा डोळ्यांनी बघायचा प्रकार, आणि ज्याच्याबद्दल तो आहे त्यालाच दाखवायचं नाही, हे कागदावर वाचणं वेगळं आणि कॅमेरा बॅगेत घेऊन वाचणं वेगळं.

माझा कॅमेरामन मित्र वरच्या बर्थवरून लुईस हाइनबद्दल बोलत होता. १९०८ पासून हा माणूस अमेरिकेतल्या गिरण्या आणि खाणींमध्ये राबणाऱ्या मुलांचे फोटो काढत फिरला. आत सोडत नसत म्हणून कधी बायबल विकणारा व्हायचा, कधी आगीची तपासणी करणारा. मुलाची उंची आपल्या कोटाच्या बटणांवरून मोजायचा आणि खिशातल्या खिशात टिपून ठेवायचा. त्याच्या फोटोंनी लोक हलले, ते चेहऱ्यांमुळेच. "आपल्याकडे चेहरा नाही," मित्र म्हणाला. "मग आपण बटणं शोधू," मी म्हटलं. झोप मात्र दोघांनाही उशिरा लागली.

दिवस दुसरा : जयपूर

दुपारी पोचलो. सामान टाकून थेट त्रिपोलिया बाजाराजवळच्या 'मनिहारों का रास्ता' या गल्लीत गेलो. लाखेच्या बांगड्यांची ही जुनी गल्ली. शेगडीवर लाख मऊ करायची, काठीवर वळायची, रंग चढवायचा, गोल करून जोडायची. एक आजी दुकानात बसून हे सगळं आमच्यासमोर करत होत्या. माझ्या मनगटाचं माप त्यांनी नुसतं बघून सांगितलं.

या कारागिरीचा इथं काही दोष नाही, हे आधीच सांगते. पिढ्यान्‌पिढ्या मनिहार कुटुंबं हे काम करतात. बिघाड होतो तो पुढं. बांगडीवर बारीक नग म्हणजे चमकते खडे, आरशाचे तुकडे, चमकी चिकटवायचं काम वेळखाऊ असतं, त्याला बारीक बोटं लागतात आणि बाजाराला तर सेट स्वस्तात हवा असतो. ते काम मग भाड्याच्या खोल्यांमध्ये जातं. जयपूरच्या भट्टा बस्तीसारख्या वस्त्यांमधल्या अशा खोल्यांवर गेल्या कित्येक वर्षांत पुन्हा पुन्हा छापे पडले आहेत, आणि सुटलेली मुलं बहुतेक बिहारची निघाली आहेत. त्यात गया जिल्ह्याचं नाव फार वेळा येतं.

संध्याकाळी वस्तीतून चालत गेलो. कॅमेरा बाहेर काढला नाही. दिसलं काय, तर घरं, शिकवण्यांचे बोर्ड, भाजीची गाडी. वरच्या मजल्यांच्या खिडक्यांमागं काय चाललंय हे रस्त्यावरच्या माणसाला कळायची सोयच नाही.

दिवस तिसरा : बालगृह

हा दिवस मला नीट लिहायचाय, त्यामुळे थोडा लांबेल. मुलाबद्दलचे काही तपशील मी मुद्दाम बदलले आहेत.

आधी समुपदेशक ताईंनी आम्हाला तासभर बसवून घेतलं. छाप्यात मुलं सापडली की चोवीस तासांच्या आत त्यांना बाल कल्याण समितीपुढे आणायचं असतं. मग वय ठरवणं. मालकांनी मुलांच्या नावानं ठेवलेली आधार कार्डं त्यांनी पाहिली होती. कुणीही अठराच्या खाली नाही, आणि जन्मतारीख ओळीनं सगळ्यांची १ जानेवारी. हाडांची आणि दातांची तपासणी झाली की खऱ्या वयाचा अंदाज येतो. कायद्यानं चौदाच्या आतल्या मुलाला कुठल्याच कारखान्यात ठेवता येत नाही आणि अठराच्या आतल्याला धोक्याच्या कामात ठेवता येत नाही.

ताई म्हणाल्या, "तुम्ही लोक येता आणि विचारता, मारायचे का? किती मारायचे? प्रत्येक नवा माणूस हेच विचारतो. मूल तेच तेच सांगून थकतं, आणि कधीकधी तुम्हाला हवं तेच सांगायला शिकतं." माझ्या वहीत पहिला प्रश्न तोच होता. मी पान उलटलं.

मुलगा बारा-तेरा वर्षांचा. स्वयंपाकघरात डाळ निवडायची त्याची पाळी होती, म्हणून आम्हीही तिथंच बसलो. मी विचारलं, "रेल्वेत काय काय पाहिलंस?" तो खुलला. आयुष्यात पहिल्यांदाच रेल्वेत बसला होता. कुठल्या तरी स्टेशनवर 'मामा'नं समोसे घेऊन दिले. मामा कोण? आईचा भाऊ नव्हे, गावातलाच एक, सगळी मुलं त्याला मामाच म्हणायची. जयपूरला गेलास की शाळेतही घालतो, असं त्यानं सांगितलं होतं. खोलीत पोचल्यावर दार बाहेरून बंद झालं. सकाळी उठल्यापासून रात्री दिवा घालवेपर्यंत मांडी घालून बसायचं. लाख गरम असतानाच नग बसवायचे, नाहीतर धरत नाहीत. शाळेचं त्यानं फक्त पहिल्या दिवशी विचारलं होतं.

हे सांगताना त्याचे हात ताटात होते. तुरीच्या डाळीचा एकेक दाणा उचलून तो ताटाच्या कडेला ठेवत होता. आधी मला वाटलं, खडे वेगळे करतोय. मग माझ्या लक्षात आलं की ते वर्तुळ आहे. बांगडीएवढं. दोन दाण्यांमधलं अंतर इतकं सारखं की पट्टीनं आखल्यासारखं. तो माझ्याकडे बघून बोलत होता, ताटाकडे त्याचं लक्षही नव्हतं.

तेवढ्यात त्याला कुणीतरी कॅरमला हाक मारली. तो गेला. वर्तुळ तिथंच राहिलं.

मित्रानं माझ्याकडे पाहिलं, मी ताईंकडे. ताईंनी मान हलवली. पुढची तीन मिनिटं आम्ही फक्त ते ताट चित्रित केलं. खिडकीतून ऊन येत होतं, बाहेरून कॅरमच्या सोंगट्यांचा आवाज. हात नाहीत, बोटांवरचे भाजल्याचे डागही नाहीत, कारण डागांवरूनसुद्धा ओळख पटते. फक्त डाळ.

दिवस चौथा आणि पाचवा : सियालदह एक्सप्रेस

अजमेरहून सियालदहला जाणारी गाडी जयपूर आणि गया दोन्ही ठिकाणी थांबते. उलट दिशेच्या याच गाडीनं मुलं आणली जातात, असं बालगृहातही सांगितलं होतं. म्हणून आम्ही मुद्दाम हीच धरली.

उत्तरेत धुकं होतं. गाडी रात्रभर कुठं कुठं उभी राहिली. जनरलच्या डब्याच्या दारात उभी राहून मी विचार करत होते की एखाद्या माणसाबरोबर पाच मुलं या गर्दीत असती, तर मला काय वेगळं दिसलं असतं? काहीच नाही. मुलं रडत नसतात. ती खुश असतात, खिडकीसाठी भांडत असतात. रेल्वे सुरक्षा दलाचं 'ऑपरेशन आहट' माणसांची तस्करी रोखण्यासाठीच आहे. पण पोलीस असो की प्रवासी, त्याला नेमकं काय बघायचं हे कुणीतरी शिकवलेलं असावं लागतं. तिकिटं कुणाकडे आहेत? मुलांना उतरायचं स्टेशन माहीत आहे का? सोबतच्या माणसाचं पूर्ण नाव त्यांना सांगता येतं का? शंका आली तर रेल्वेचा १३९ आणि मुलांसाठीचा १०९८ हे दोन नंबर आहेत. १०९८ ची सुरुवात १९९६ मध्ये आपल्या मुंबईतच झाली होती.

आणि इथं मला आमच्या धंद्याबद्दल बोलायचंय. इतकी वर्षं आपण पडद्यावर काय दाखवलं? काळी व्हॅन, तोंडाला रुमाल बांधलेला माणूस, अंधारी गल्ली, मागं घुमणारं संगीत. लोक घाबरतात ते त्या व्हॅनला. कुठं पळवापळवीची अफवा उठली की अनोळखी फिरस्त्यांना मारहाण होते. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच भटक्या माणसांचा अशाच अफवेपायी जीव गेला. आणि त्याच वेळी खराखुरा दलाल मिठाईचा पुडा घेऊन दारात बसलेला असतो. त्याला सगळे ओळखतात, म्हणून त्याचा संशय कुणाला येत नाही.

गया आलं तेव्हा दुपार उलटली होती.

दिवस सहावा : टोला

गावाचं नाव लिहीत नाही. फल्गू ओलांडून पुढं, मुख्य वस्तीपासून थोडं वेगळं, मुसहर या दलित समाजाचा टोला, म्हणजे छोटी वस्ती. इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या शेतात राबतात. टोल्यातल्या एकाही घराला स्वतःची जमीन नाही. ज्या दशरथ मांझींनी याच जिल्ह्यात गहलौरचा डोंगर बावीस वर्षं फोडून वाट काढली, ते याच समाजातले.

सोबत तिथल्या एका संस्थेच्या दीदी होत्या. त्यांची अट एकच. "हमारी माँओं को शर्मिंदा मत करना."

एका अंगणात सात-आठ बायका जमल्या. मी दलालाबद्दल विचारलं तर गप्प. दीदींनी वेगळं विचारलं, "अडवांस कितना मिला था?" मग आकडे यायला लागले. कुणाला २,००० रुपये, कुणाला ३,०००. कुणाच्या घरी आजारपण होतं, कुणाच्या मुलीचं लग्न. बाकीचे पैसे दर महिन्याला येतील असं सांगितलं होतं, आले नाहीत. आपल्याकडे ऊसतोडीत मुकादमाकडून घेतात ती उचल आणि हे, यांत मला काडीचाही फरक दिसला नाही. बिहारची गोष्ट म्हणून कुणी हे वाचत असेल तर त्यांना सांगते, २०२२ मध्ये आपल्या इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं थोड्याशा पैशांवर मेंढपाळांकडे राबायला दिल्याचं उघडकीला आलं होतं.

एक बाई बराच वेळ पदर तोंडात धरून बसली होती. शेवटी तिनं विचारलं, "मैंने खुद भेजा। तो मैं भी गुनहगार हूँ?"

दीदी तिच्याजवळ सरकून बसल्या. तस्करीच्या व्याख्येत मुलाची किंवा घरच्यांची संमती होती की नव्हती याला महत्त्व नाही, हे त्यांनी तिला तिच्या भाषेत सांगितलं. खोटं बोलून नेलं, पैशाचं आमिष दाखवून नेलं, तर गुन्हा नेणाऱ्याचा आणि राबवणाऱ्याचा. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३७० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १४३. एका मुलाची तस्करी केली तर किमान दहा वर्षं आणि एकाहून जास्त मुलांची केली तर किमान चौदा वर्षं, दोन्हींत जन्मठेपेपर्यंत. बाईनं आकडे ऐकले आणि म्हणाली, "तो वो तो बाहर घूम रहा है।"

तिचं म्हणणं खरं आहे. वेठबिगारीतून सुटलेल्या मुलाला मुक्ती प्रमाणपत्र मिळायला हवं. केंद्राच्या २०१६ च्या योजनेत अशा मुलासाठी दोन लाखांची मदत आहे, पण पूर्ण रक्कम आरोपी दोषी ठरण्याशी बांधलेली आहे. तातडीची मदत तेवढी आधी देता येते, २०२२ पासून ३०,००० रुपयांपर्यंत. खटला जयपूरला, मूल गयेत. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मुलांची साक्ष त्यांच्याच जिल्ह्यातून व्हिडिओवर घेण्याची पद्धत घालून दिली, हा त्यातल्या त्यात मोठा दिलासा. नाहीतर साक्षीला म्हणून पुन्हा तीच गाडी, तोच रस्ता.

अंधार पडल्यावर शाळेच्या भिंतीवर चादर लावली. आतापर्यंतचं चित्रण या लोकांनीच पहिल्यांदा बघावं, असं आम्ही निघतानाच ठरवलं होतं. जमिनीवर शंभरेक माणसं असतील, पुढं सगळी पोरं. मनिहारांच्या गल्लीतल्या आजी, रेल्वेची खिडकी, धुकं. मग ताट आलं. डाळीचं वर्तुळ चादरीवर बैलगाडीच्या चाकाएवढं दिसत होतं. कुणीच बोलेना.

पहिल्या रांगेतला दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा उठला, चादरीपाशी गेला आणि वर्तुळाच्या खालच्या बाजूला बोट ठेवून म्हणाला, "इधर दो नग कम हैं।"

पोरं हसली. मी दीदींकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या. हा मुलगा त्यांच्या यादीत नव्हता. तो वर्षभर मावशीकडे होता असं घरच्यांनी सांगितलं होतं.

मित्राचा कॅमेरा चालू होता. मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि त्यानं तो बंद केला. त्या गर्दीत त्या मुलाला घेऊन जाणाराही बसलेला असू शकतो, ही गोष्ट आमच्या दोघांच्याही डोक्यात एकदमच आली असावी. चादर दाखवण्याआधी हा विचार मी करायला हवा होता. सगळ्यांसमोर दाखवायचं म्हणजे सगळ्यांसमोर बोललं जाणार, हे मला सुचलं नव्हतं. दीदींनी अगदी सहज त्याला हाक मारून जनरेटरपाशी टॉर्च धरायला बसवलं आणि कार्यक्रम संपेपर्यंत त्याला बाजूला ठेवलं.

दिवस सातवा : गया

दीदी सकाळीच टोल्यात गेल्या. आम्ही गेलो नाही. दिवसभर शहरात नुसते फिरत होतो. विष्णुपद मंदिराकडे जाणारी माणसं बघितली, त्यांत दोन मराठी कुटुंबं होती.

संध्याकाळी परवानगी दाखवून स्टेशनवर चित्रण केलं. तिथं अख्ख्या प्रवासातलं सगळ्यात देखणं दृश्य मिळालं. धुक्यात पिवळे दिवे, एक उंच माणूस पाठमोरा आणि त्याच्या मागं तीन मुलं, तिघांच्या पाठीवर एकसारख्या नव्या कोऱ्या निळ्या बॅगा. चालत चालत चौघंही धुक्यात दिसेनासे होतात. मित्र म्हणाला, "हाच आपला शेवट."

मी आधी रेल्वे सुरक्षा दलाच्या चौकीत जाऊन सांगितलं. एक महिला शिपाई आल्या. त्या माणसाकडे वळल्याच नाहीत, मुलांपाशी उकिडव्या बसल्या आणि बॅगेत काय काय आहे विचारलं. मग घरी फोन लावला. चुलता होता तो. पुतण्यांना त्यांच्या वडिलांकडे लुधियानाला घेऊन चालला होता. वडील फोनवर होते, मुलं त्यांच्याशी बोलली. पाच मिनिटांत सगळं मिटलं. शिपाईबाईंनी चुलत्याला माझ्यासमोर "माफ कीजिए, ड्यूटी है" म्हटलं. त्यानंही वाईट वाटून घेतलं नाही.

दिवस आठवा आणि नववा : प्रयागराजमार्गे मुंबई मेल

पहाटेची मेल तीन तास उशिरा आली. दिवसभर डब्यात लॅपटॉपवर चित्रण बघत होतो. निळ्या बॅगांवरून आमचं वाजलं. मित्राचं म्हणणं, चेहरा कुणाचाच दिसत नाही, प्रतीक म्हणून वापरू, कुणाला कळणार आहे? मला पटत नव्हतं, पण ते दृश्य सोडवतही नव्हतं.

इटारसीच्या पुढं दीदींचा फोन आला. मुलगा त्यांच्याशी बोलला होता. चौदा महिने जयपूरमध्ये होता, आजारी पडल्यावर कुणीतरी गाडीत बसवून दिलं. आई-वडिलांबरोबर त्याला समितीपुढे नेलं होतं आणि जबाब झाला होता. त्यानं आणखी चार मुलांची नावं सांगितली, ती मुलं अजून तिथंच आहेत. जयपूरला कळवलं होतं. मी विचारलं, टोल्यात काही त्रास? दीदी म्हणाल्या, "अभी तो नहीं। रोज जाऊँगी।" मग एवढंच म्हणाल्या की तूर्तास चित्रपट कुठंही दाखवू नका, छापा पडू दे. ती मुलं घरी पोचेपर्यंत दाखवणार नाही, असं मी त्यांना कबूल केलं. आम्ही तारीख ठरवली होती, ती पुढं गेली.

भुसावळ आलं तेव्हा रात्र बरीच झाली होती. पाय मोकळे करायला दोघंही खाली उतरलो. २०२३ च्या मे महिन्यात याच स्टेशनवर आणि मनमाडला दानापूर–पुणे एक्सप्रेसमधून ५९ मुलं उतरवली होती. बालतस्करीच्या बातम्या देशभर गेल्या. सोबतच्या पाच जणांना अटक झाली, ते जवळपास महिनाभर तुरुंगात होते. मुलं बिहारहून सांगलीकडे मदरशात शिकायला चालली होती. पुढच्या वर्षी गैरसमजातून गुन्हा नोंदला गेल्याचं सांगून पोलिसांनी प्रकरण बंद केलं. तेव्हा मीही ती बातमी पुढं पाठवलेल्यांपैकीच होते. प्रकरण बंद झाल्याची बातमी किती जणांनी पुढं पाठवली, ते मला माहीत नाही. मी नव्हती पाठवली.

मित्राला मी हे सांगितलं. तो प्लॅटफॉर्मच्या टोकाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "त्या चुलत्याचा एखादा पुतण्या उद्या आपला सिनेमा बघेल. बॅग ओळखेल."

गाडीनं भोंगा दिला तसे डब्यात चढलो. त्यानं लॅपटॉप मांडीवर घेतला, निळ्या बॅगांची फाइल काढली, एकदा शेवटपर्यंत पाहिली आणि पुसून टाकली. मग ताटाचं दृश्य उघडलं आणि वर्तुळाच्या खालच्या बाजूला, जिथं दोन दाणे कमी होते, तिथं मोठं करून बघत बसला.